नदीतलं नायट्रेट: पाणी नक्की कुठे मुरतंय?

जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डे मॉइन शहर आणि आसपासच्या भागात एक आदेश निघाला: लॉनला पाणी घालायचं नाही. दुष्काळ होता का, तर नाही, नद्यांना भरपूर पाणी होतं. अडचण अशी होती की त्या पाण्यात नायट्रेट इतकं वाढलं होतं की साधारण सहा लाख लोकांना पुरेल एवढं पाणी नायट्रेट काढून तयार करणं प्लांटला झेपेना, म्हणून मग मागणीच कमी करायची. आणि हे शहर काही बेसावध नव्हतं, नायट्रेट काढणारा जगातल्या सगळ्यात मोठ्या प्लांटपैकी एक त्यांच्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे.

अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, यंदा शेतात असं काय जास्तीचं खत टाकलं? उत्तर बऱ्याचदा "विशेष काही नाही" असं असतं आणि लोकांना ते पटत नाही. मलाही आधी पटायचं नाही. पण सपाट, सखल प्रदेशातल्या नद्यांचा हिशोब कसा मांडतात हे नीट बघितलं की कळतं, नदीत आज जे दिसतंय ते यंदाचं असेलच असं नाही, ते गेल्या वर्षीचं, दहा वर्षांपूर्वीचं किंवा चाळीस वर्षांपूर्वीचंही असू शकतं. हा हिशोब मांडायचं जे साधन आहे त्याला म्हणायचं पाणलोटाचं मॉडेल, आणि हा लेख त्याच्यावर आहे.

आधी नायट्रेट समजून घेऊ

हवेचा 78 टक्के भाग नायट्रोजनच आहे पण तो पिकांच्या उपयोगाचा नाही, त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की मुळांना ते घेताच येत नाहीत. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, 1913 मध्ये कार्ल बॉश यांच्या कामातून जर्मनीत ओपाउ इथे त्याचा कारखाना सुरू झाला आणि खताचं युग आलं. त्याच्यावर आज जगातले अब्जावधी लोक जेवतायत, त्यामुळे "खत बंद करा" एवढं बोलून हा विषय संपत नाही.

खत, शेणखत, जमिनीतला कुजलेला पालापाचोळा, सुरुवात कशातूनही झाली तरी जमिनीतले जिवाणू शेवटी त्याचं नायट्रेट करतात. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी जाईल तिकडे ते जातं. फॉस्फरस मातीला चिकटून राहतो आणि मातीबरोबर वाहून जातो, नायट्रेट विरघळून थेट पाण्यातून जातं. त्याला रंग नाही, वास नाही. शेताखालून येणाऱ्या निचऱ्याच्या पाइपच्या तोंडाशी उभं राहिलात तर पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ पडताना दिसतं, पण त्यात टेस्टची पट्टी बुडवली की मिनिटाभरात ती गडद गुलाबी होते.

मर्यादेच्या आकड्यांत एक घोळ आहे तो इथेच सोडवून टाकू, कारण यावरून बातम्यांमध्ये कायम गफलत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोप म्हणतात एका लिटरमध्ये नायट्रेट 50 मिलिग्रॅमपर्यंत चालेल. अमेरिका म्हणते 10 मिलिग्रॅम. मग अमेरिका पाचपट कडक आहे का? नाही. अमेरिका फक्त नायट्रेटमधल्या नायट्रोजनचं वजन मोजते, युरोप त्याला जोडलेल्या ऑक्सिजनसकट पूर्ण नायट्रेटचं मोजतो. नायट्रोजनच्या आकड्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेट मिळतं, म्हणजे अमेरिकेचे 10 ते युरोपच्या मापात 44. जवळपास सारखंच.

ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांमुळे आली. 1945 मध्ये आयोवातल्याच एका डॉक्टरांनी विहिरीचं नायट्रेटवालं पाणी आणि बाळं निळी पडणं यांचा संबंध मांडला, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते म्हणून बाळ निळं दिसतं. आणि हे प्लीज लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होऊन जाते, नायट्रेट मागे राहतं, त्यामुळे प्रमाण वाढतंच.

एका हेक्टरचा हिशोब करून बघू

मॉडेल म्हणजे शेवटी जमाखर्चाची वही, आणि त्या वहीचं एक पान हातानेही लिहिता येतं. आकडे समजण्यासाठी धरलेत, पण अवाजवी नाहीत.

समजा एक हेक्टर शेतात वर्षभरात सगळ्या मार्गांनी 150 किलो नायट्रोजन आला. कापणी केली तेव्हा पिकाबरोबर 110 किलो बाहेर गेला. मागे उरला 40 किलो. एका चौरस मीटरला हे 4 ग्रॅम पडतं, म्हणजे युरियात मोजलं तर जेमतेम नऊ ग्रॅम, मूठभरसुद्धा नाही. आता वर्षभरात पिकांनी पिऊन, ऊन लागून उडून जे पाणी उरलं त्यातलं 300 मिलिमीटर मुळांच्या खाली झिरपलं असं धरा. एका हेक्टरवर हे होतं 30 लाख लिटर. 40 किलो भागिले 30 लाख लिटर, उत्तर येतं लिटरला 13.3 मिलिग्रॅम नायट्रोजन, नायट्रेटमध्ये सांगायचं तर 59.

म्हणजे शेतकऱ्याने काहीही बेफिकिरी केलेली नाही, टाकलेल्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश पिकाने घेतलं, तरीही त्या शेताखालचं पाणी पिण्याच्या मर्यादेच्या वर गेलं. मला या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, इथे दोषी शोधायला गेलं की कोणी सापडत नाही, प्रत्येक चौरस मीटरवरचे चार चार ग्रॅम सापडतात.

सपाट जमीन असली की काय बिघडतं

डोंगराळ भागात पाऊस पडला की पाणी उतारावरून काही तासांत नदीत, गोष्ट लवकर संपते. सखल प्रदेशात उतार नसतो, भूजल हाताच्या अंतरावर असतं, नदी संथ असते आणि नदीतलं बरंचसं पाणी वरून वाहत न येता खालून झिरपत येतं. हे झिरपणं किती हळू असतं तेही बघू. मध्यम रेतीचा थर धरा, त्यात पाणी सहज सरकतं. भूजलाचा उतार हजार मीटरला एक मीटर, हा सपाट भागात अगदी नेहमीचा. रेतीतल्या पोकळ्यांचा वाटा एक चतुर्थांश. हिशोब केला की पाण्याचा वेग येतो दिवसाला 4 सेंटिमीटर, वर्षाला साधारण 15 मीटर. नदीपासून 500 मीटर लांब शेत असेल तर तिथून निघालेल्या पाण्याला नदी गाठायला लागतील चौतीस वर्षं!

आणि हे झालं आडवं चालणं, आधी भूजलापर्यंत उभं खाली जायचंय ते वेगळंच. इंग्लंडच्या दक्षिणेकडे खडूच्या खडकाचे जाड थर आहेत, त्यातून नायट्रेट साधारण वर्षाला एक मीटर या गतीने खाली उतरतं. भूजल पन्नास मीटर खोल असेल तर पन्नास वर्षं वाटेतच गेली.

याच्या उलट दुसरी वाट एकदम वेगवान. सखल जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात म्हणून शेतकरी साधारण मीटरभर खाली भोकांचे पाइप घालतात, आयोवातल्या त्या नद्यांच्या पाणलोटात असं पाइपांचं जाळंच आहे. मुळांखालचं नायट्रेट या पाइपांतून काही दिवसांत थेट चरात आणि चरातून नदीत. म्हणजे एकाच शेतातून एक वाट तीन दिवसांची आणि दुसरी तीस वर्षांची, आणि नदीत दोन्ही एकत्र मिसळून येतात, आता ओळखा यातलं यंदाचं किती!

तिसरी भानगड म्हणजे पाणलोटाची हद्द. कुठल्या जमिनीचं पाणी कुठल्या नदीला जातं हे नकाशावरच्या उंचीवरून ठरवतात, पण सगळा प्रदेशच दोन चार मीटरच्या फरकात असेल तर नकाशात एका मीटरची चूक झाली तरी हद्द किलोमीटरभर सरकू शकते. त्यात पंप, बंधारे आणि माणसाने खणलेले कालवे आले, वरची हद्द एक आणि भूजलाची दुसरीच असं होतं. डोंगराळ भाग डोळ्यासमोर ठेवून बनवलेली मॉडेलं इथे जशीच्या तशी लावली की फसतात.

मग मॉडेल करतं काय

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मॉडेल म्हणजे स्वॅट, अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधनातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेलं. ब्रिटनमध्ये बनलेलं इन्का म्हणून दुसरं आहे, आणखीही बरीच आहेत. नावं सोडा, गाभा सगळ्यांचा एकच: पाणलोटाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची माती, पीक, उतार लिहायचा, आणि मग रोजच्या रोज प्रत्येक तुकड्याचं पासबुक भरत जायचं. आज किती पाऊस पडला, किती उडून गेला, किती खाली गेला, किती खत आलं, पिकाने किती उचललं, किती झिरपलं. मग सगळ्या तुकड्यांची बेरीज करून नदीत नेऊन सोडायची आणि नदीत मोजलेल्या आकड्याशी जुळते का बघायचं.

पासबुकात एक नोंद अशी आहे की तिच्यावर अख्खं मॉडेल तरतं किंवा बुडतं, ती म्हणजे वाटेत गायब होणारा नायट्रोजन. पाणथळ जागा, दलदल, नदीकाठची ओली पट्टी, अशा ठिकाणी मातीत ऑक्सिजन संपलेला असतो. तिथल्या काही जिवाणूंना श्वासासाठी ऑक्सिजन मिळाला नाही की ते नायट्रेटवर भागवतात, आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन परत हवेत जातो. याला म्हणतात डीनायट्रिफिकेशन. निसर्गाने फुकट दिलेला प्लांटच आहे हा, फक्त त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: ओल, जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ, आणि वेळ. निचऱ्याचा पाइप नेमका यातला वेळ काढून घेतो, पाणी ओल्या पट्टीला वळसा घालून सरळ चरात पडतं. पूर्वी दलदली सुकवून शेतं केली तेव्हा हा प्लांट आपण स्वतःच्या हाताने बंद केला हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. याची एक काळी बाजूही आहे, प्रक्रिया अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण 273 पट जास्त तापवतो.

आता गंमत बघा, गायब झालेला नायट्रोजन थेट मोजणं जवळपास अशक्य आहे, कारण जो वायू त्यातून बनतो त्यानेच हवा आधीपासून भरलेली आहे. त्यामुळे मॉडेलमध्ये हा आकडा बऱ्याचदा "बाकी जुळवायला" वापरला जातो.

"म्हणजे हे सगळं अंदाजपंचेच ना?"

आक्षेप रास्त आहे आणि याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही.

मॉडेलमध्ये असे बरेच आकडे असतात जे कोणी मोजलेले नसतात, माती किती वेगाने पाणी सोडते, जिवाणू किती जोरात काम करतात वगैरे. ते रेडिओच्या बटणांसारखे फिरवून नदीतल्या जुन्या नोंदींशी जुळवतात, मग न वापरलेल्या दुसऱ्या काही वर्षांवर तपासतात. किती जुळलं ते सांगायला 1970 मध्ये नॅश आणि सटक्लिफ यांनी दिलेलं एक माप आहे. 1 आलं तर तंतोतंत, 0 आलं तर मॉडेलचा खटाटोप न करता नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढंच बरोबर आलं असतं, आणि ऋण आलं तर सरासरीच बरी होती.

पण चांगला मार्क मिळाला म्हणजे मॉडेल बरोबर असं नाही. गणितात उत्तर बरोबर पण पायऱ्या चुकीच्या असं होतं ना, तसं इथेही होतं. शेतातून 60 किलो झिरपलं आणि वाटेत 45 गायब झालं, किंवा शेतातून 25 झिरपलं आणि 10 गायब झालं, नदीत दोन्हीकडे 15 च दिसणार. नदीचा आकडा तोच, पण पहिलं खरं असेल तर शेतात काम करायला हवं आणि ओल्या पट्ट्या जिवापाड जपायला हव्यात, दुसरं खरं असेल तर ओल्या पट्ट्या नव्याने तयार करायला हव्यात. म्हणून नदी सोडून इतर ठिकाणीही मोजमाप लागतं, पाइपच्या तोंडाशी, उथळ बोअरमध्ये, कापलेल्या पिकात किती नायट्रोजन गेला त्यात. माझं मत विचाराल तर ज्या रिपोर्टमध्ये फक्त नदीशी जुळणारा ग्राफ आहे आणि मधल्या पायऱ्यांची तपासणी नाही, त्याच्यावर कोट्यवधींचे निर्णय घेऊ नयेत, मग ग्राफ कितीही सुंदर असो.

निर्णय मॉडेलवर टेकवले की काय होतं याचं उदाहरण नेदरलँड्समध्ये झालं, तिथला प्रश्न हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनचा होता पण मुद्दा हाच. पुढे नायट्रोजन कमी होणार आहे असं धरून त्या भरवशावर शेती, रस्ते, बांधकामांना आजच नवीन परवाने देण्याची योजना होती, 29 मे 2019 ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती मोडीत काढली. पुढची घट पक्की झालेली नसताना ती आज खर्चायची नाही, असा त्याचा मतितार्थ.

"एवढं कशाला, सरळ नदीत मोजा ना"

मोजायलाच हवं, आणि आत्तापेक्षा खूप जास्त. महिन्यातून एकदा बाटली भरून नेली तर मधला मोठा पाऊस निसटतो आणि वर्षभराचं निम्मं नायट्रेट त्या चार दिवसांतच गेलेलं असू शकतं. आता दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारे सेन्सर आलेत आणि त्यांनी एक छान खूण हातात दिलीय. पाऊस येऊन नदी फुगली आणि नायट्रेटचं प्रमाण उतरलं तर उगम बहुधा सांडपाण्याच्या नळासारखा, जो रोज तेवढंच सोडतो आणि पाणी वाढलं की पातळ होतो. नदी फुगली आणि प्रमाणही वाढलं तर ते शेतातून, पाइपांतून धुऊन येतंय. दुष्काळानंतरच्या पावसात हे फार जोरात दिसतं, कारण कोरड्या वर्षी पीक वाढत नाही, खत जमिनीतच पडून राहतं, आणि पुढच्या वर्षीचं पाणी दोन वर्षांचं एकदम घेऊन येतं. अमेरिकेच्या मध्य भागात 2012 च्या दुष्काळानंतर 2013 च्या वसंतात नेमकं हेच झालं.

पण सेन्सर आजचं सांगतो. ओली पट्टी कुठे केली तर जास्त फायदा, पाइपांवर झडपा बसवल्या तर काय, हे अजून न घडलेलं सेन्सरला कसं दिसणार, तिथे मॉडेलच लागतं.

"आम्ही खत कमी केलं, पाच वर्षं झाली, नदी तशीच आहे"

हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा, कारण याच्यामुळे चांगल्या योजना मधेच बंद पडतात आणि ते बघून खरंच वाईट वाटतं. वरचे चौतीस वर्षं आठवा. पाच वर्षांनी नदीत जे येतंय त्यातला मोठा भाग योजनेच्या आधीचाच आहे, जुनं देणं फिटतंय. आडात आहे तोवर पोहऱ्यात येणारच. मिसिसिपी नदीबद्दल 2018 मध्ये आलेल्या एका अभ्यासाने असंच दाखवलं, शेतातला जास्तीचा नायट्रोजन पूर्ण थांबवला तरी मेक्सिकोच्या आखातासाठी ठरवलेलं उद्दिष्ट गाठायला काही दशकं लागतील. मिसिसिपी ज्याला मिळते त्या आखातात नायट्रोजनवर शेवाळ फोफावतं आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो; 2017 च्या उन्हाळ्यात असा ऑक्सिजन संपलेला पट्टा जवळपास 22,700 चौरस किलोमीटर मोजला होता, उद्दिष्ट आहे 5,000 च्या आत.

पण फळ येतच नाही असं मात्र नाही. डेन्मार्क, अख्खा देश सखल, 1987 पासून एकामागून एक योजना राबवत गेला, सांडपाण्यावर प्रक्रिया, शेणखताची साठवण, खताचा कोटा, हिवाळ्यात जमीन झाकणारी पिकं. नव्वदच्या आसपासच्या मानाने समुद्रात जाणारा नायट्रोजन पुढे सुमारे निम्म्यावर आला. त्याच देशात भूजलाचं वय काढून बघितलं गेलं आणि दिसलं की जास्त तरुण पाण्यात नायट्रेट उतरायला लागलंय, नियमांच्या आधी जमिनीत शिरलेल्या पाण्यात ते चढतं होतं. पाण्याचं वय कळतं ते त्यात विरघळलेल्या खुणांवरून, उदाहरणार्थ ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन), जे अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे 1963 च्या सुमाराला पावसात सगळ्यात जास्त होतं. जुन्या बिलावरच्या तारखेसारखाच उपयोग होतो त्याचा.

म्हणून योजना चालतेय का हे बघायचं असेल तर मोजायची जागा बदलायला हवी. नदीत नका शोधू, निदान सुरुवातीला नको. ज्या शेतात बदल केला त्याच्या मुळांखाली, निचऱ्याच्या पाइपच्या तोंडाशी आणि भूजलाच्या अगदी वरच्या थरात मोजा, तिथे फरक एक दोन हंगामांत दिसू शकतो. मग नदीच्या दिशेने त्या पाचशे मीटरच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतराने उथळ बोअर घ्या. मॉडेल आधीच सांगून ठेवेल कुठल्या बोअरमध्ये कुठल्या वर्षी आकडा उतरायला लागला पाहिजे, पहिल्यात तिसऱ्या वर्षी, दुसऱ्यात सातव्या, आणि त्या वर्षी तो उतरला नाही तर चूक मॉडेलमध्ये आहे की शेतात हे शोधायला नदीपर्यंत जायची, चौतीस वर्षं थांबायची गरज पडणार नाही.